एक्स्टर्नल डिस्कवरून फाइली उडाल्या? डिस्कला पुन्हा हात लावण्याआधी हे वाचा

मी नागपुरात महालात घरूनच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, शाळांच्या स्मरणिका. वर्षानुवर्षांचं सगळं काम १ टीबीच्या एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर साठत गेलं. एका मे महिन्यात, ऐन लग्नसराईत डिस्कवरची जागा संपली. जुनी फोल्डरं काढायला बसले आणि शिफ्ट दाबून डिलीट केलं ते चुकीच्या फोल्डरवर. आठ वर्षांच्या पत्रिकांच्या मूळ फाइली त्यात होत्या. आमच्या मुलीचे तान्ह्या पोळ्याचे (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं लाकडी बैल सजवून नेतात तो सण) फोटो आणि व्हिडिओही त्यातच होते.

मला ते तेव्हा कळलंच नाही. मोकळ्या झालेल्या जागेत मी भाच्याच्या लग्नाचा २२ जीबीचा व्हिडिओ टाकला. संध्याकाळी एक जुनी पत्रिका शोधायला गेले तेव्हा पोटात गोळा आला. शेजारच्या इंजिनीअरिंगच्या मुलाला हाक मारली. तो दारातूनच म्हणाला, "काकू, काय करून राहिल्या? आधी ते केबल काढा!"

पुढच्या चार रात्रींत बहुतेक सगळं परत आलं. तान्ह्या पोळ्याचे काही व्हिडिओ मात्र कायमचे गेले. डिलीट करण्याने ते गेले नव्हते, नंतर टाकलेल्या त्या २२ जीबीने गेले. तुमच्यावर अशी वेळ आली असेल तर खालचा क्रम पाळा. पहिली पायरी वाचून झाली की लगेच करा, बाकीचं त्यानंतर सावकाश वाचा.

१. डिस्क बाहेर काढा

काही कॉपी होत असेल तर रद्द करा. खालच्या कोपऱ्यातल्या चिन्हावरून डिस्क सेफली रिमूव्ह करा आणि केबल काढून ठेवा.

डिलीट म्हणजे काय होतं ते रेल्वेच्या उदाहरणाने सांगते. आरक्षणाच्या तक्त्यावरून एखाद्या प्रवाशाचं नाव खोडलं, पण तो माणूस अजून आपल्या बर्थवरच बसलेला आहे. बर्थ रिकामा आहे असं तक्ता सांगतो. नागपूर स्टेशनात नवा प्रवासी चढून त्या जागेवर बसेपर्यंत जुना तिथेच असतो. हार्ड डिस्कही फाइलची जागा लगेच पुसत नाही, ती फक्त ‘रिकामी’ अशी नोंद करते. त्या जागेवर नवीन काही लिहिलं गेलं की जुनं संपलं. मग जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही.

आपण काहीच टाकलं नाही तरी डिस्कवर लिहिणं चालूच असतं, ही गोष्ट मला माहीत नव्हती. विंडोज डिस्क जोडल्याबरोबर स्वतःचं एक लपलेलं फोल्डर तयार करतं, मॅक शोधाची अनुक्रमणिका बनवू लागतो. म्हणून ‘एकदा लावून पाहू, दिसतं का’ असं दहा वेळा करू नका. टीव्हीला तर अजिबात लावू नका. काही टीव्ही रेकॉर्डिंगसाठी डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारतात, आणि रिमोटचं चुकीचं बटण दाबलं जायला किती वेळ लागतो?

२. फाइली खरंच गेल्या आहेत का ते पाहा

घाबरलेलं असताना ही पायरी हमखास सुटते. डिस्क न जोडता जे तपासता येतं ते आधी तपासा.

गूगल फोटोजमध्ये बॅकअप झालेले फोटो डिलीट केल्यावर ६० दिवस ट्रॅशमध्ये राहतात, गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये फाइली ३० दिवस असतात. जुना लॅपटॉप, कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड, भावाकडे दिलेला पेन ड्राइव्ह, मेलचा सेंट फोल्डर, सगळं पाहा. माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी दोन जागा विसरू नयेत. एक, ग्राहकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं प्रूफ. दुसरी, छापखान्याचा संगणक. प्रेसवाल्यांनी जुन्या पीडीएफ पुसलेल्या नसतात. माझ्या तीसेक पत्रिका मला अशाच दोन प्रेसमधून मिळाल्या, कुठलंही सॉफ्टवेअर न चालवता.

आता डिस्क एकदाच जोडा आणि तीन गोष्टी बघा.

रीसायकल बिन: हार्ड डिस्कवरून साधं डिलीट केलं असेल तर फाइली सहसा तिथे असतात. पेन ड्राइव्हवरून डिलीट केलेलं मात्र विंडोजच्या रीसायकल बिनमध्ये जात नाही, आणि शिफ्ट दाबून केलेलंही नाही.

शेजारचं फोल्डर: माउस घसरून एक फोल्डर दुसऱ्यात जाऊन पडतं. शोध घ्या. कोरलड्रॉच्या फाइली असतील तर ‘बॅकअप ऑफ’ नावाने सुरू होणाऱ्या प्रतीही शोधा. कोरल त्या आपणहून त्याच फोल्डरमध्ये ठेवतं.

लपलेल्या फाइली: झेरॉक्सच्या दुकानात लावून आणलेल्या पेन ड्राइव्हवर हे फार होतं. फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात किंवा सगळं रिकामं दिसतं, पण वापरलेली जागा तेवढीच असते. हा व्हायरसचा खेळ आहे, फाइली आहेत तिथेच आहेत. विंडोजच्या व्ह्यू मेनूत लपलेल्या फाइली दाखवायला सांगा, आणि ऑप्शन्समध्ये जाऊन सिस्टम फाइली लपवण्याची खूणही काढा. ते शॉर्टकट उघडू नका. मूळ फाइली बाहेर काढून घ्या आणि मग पेन ड्राइव्ह साफ करा.

यातलं काही सापडलं नाही तर केबल पुन्हा काढा.

३. डिस्क कोणत्या जातीची आहे आणि तिची तब्येत कशी आहे

आत फिरणाऱ्या तबकड्यांची साधी हार्ड डिस्क असेल तर आशा भरपूर आहे. पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डचंही बऱ्यापैकी तसंच. एसएसडीचं, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं. तिथे ‘ट्रिम’ नावाची सोय असते. डिलीट झालेली जागा आता नको आहे असं संगणक एसएसडीला कळवतो आणि एसएसडी ती आतल्या आत साफ करून टाकते. वर दिलेल्या उदाहरणातला प्रवासी इथे लगेच उतरवला जातो. बाहेरून जोडलेल्या सगळ्याच एसएसडींवर ट्रिम चालतं असं नाही, म्हणून प्रयत्न करावा, पण लगेच करावा आणि आशा बेताची ठेवावी.

तब्येतीचं काय पाहायचं? डिस्क टक-टक किंवा खरखर आवाज करते, मध्येच गायब होते, एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं लावते, किंवा खाली पडलेली आहे. यातलं एकही असेल तर पुढच्या पायऱ्या करू नका, थेट नवव्या पायरीवर जा. आजारी डिस्कवर तासन् तास स्कॅन चालवणं म्हणजे उरलंसुरलं घालवणं.

आवाज नसेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर डिस्कची प्रकृती सांगतं. निळा रंग ठीक, पिवळा सावध, लाल वाईट. त्यात ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या ओळीच्या ‘रॉ व्हॅल्यूज’ रकान्यात शून्याव्यतिरिक्त काही असेल तर डिस्क काही जागा वाचू शकत नाही आहे, असं समजा.

४. जवळ काय काय हवं

- दुसरी डिस्क, आणि ती पहिलीपेक्षा मोठी. माझी १ टीबीची होती, मी २ टीबीची घेतली. ही खरेदी टाळता येत नाही. ती एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली हवी, कारण फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही.
- चांगली, आखूड यूएसबी केबल आणि लॅपटॉपचं यूएसबी ३ पोर्ट. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याच्या आतली जीभ निळी असते.
- डीएमडीई आणि फोटोरेक ही हरवलेल्या फाइली शोधणारी सॉफ्टवेअर. डीएमडीईची मोफत आवृत्ती पुरते. फोटोरेक पूर्ण मोफत आहे आणि त्याच्यासोबत टेस्टडिस्क येतं. दोन्ही बनवणाऱ्यांच्या मूळ साइटवरूनच घ्या.
- वही. कोणती फोल्डरं होती, साधारण कधीची, कोणत्या प्रकारच्या फाइली. आठवेल ते आत्ताच लिहा, चौथ्या दिवशी डोकं चालत नाही.

सॉफ्टवेअर उतरवायचं आणि बसवायचं ते लॅपटॉपवर. ज्या डिस्कवरून फाइली गेल्या तिच्यावर कधीही नाही. मी आधी एका दुकानात गेले होते, तिथल्या मुलाने रिकव्हरीचं सॉफ्टवेअर माझ्याच डिस्कवर कॉपी करायला घेतलं होतं. मी हात धरून थांबवलं.

पैसे भरायची आवृत्ती ‘क्रॅक’ करून फुकटात मिळते अशा साइटवर जाऊ नका. सगळ्या फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारे व्हायरस अशाच क्रॅकमधून पसरतात. नेटवर सापडलेल्या ‘हेल्पलाइन’ला फोन करून कुणाला तुमच्या संगणकाचा दूरस्थ ताबाही देऊ नका. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, जितका लवकर फोन कराल तितकं बरं.

५. आधी अख्ख्या डिस्कची नक्कल काढा

बहुतेक लोक ही पायरी गाळतात. मीही गाळणार होते. पण यावरच सगळं उभं आहे. इमेज म्हणजे डिस्कवरच्या प्रत्येक कणाची, रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट, एका मोठ्या फाइलमध्ये घेतलेली नक्कल. ती एकदा झाली की मूळ डिस्क कपाटात जाते. पुढे हजार चुका झाल्या तरी त्या नकलेवर होतात.

साधं कॉपी-पेस्ट म्हणजे इमेज नव्हे. कॉपीत फक्त दिसणाऱ्या फाइली येतात, आणि आपल्याला तर न दिसणाऱ्या हव्या आहेत.

डीएमडीईच्या मोफत आवृत्तीतही इमेज काढायची सोय आहे. ते उघडा, मूळ डिस्क निवडा, टूल्स मेनूतल्या सेक्टर कॉपी करण्याच्या पर्यायात स्रोत म्हणून ती डिस्क द्या आणि गंतव्य म्हणून नव्या डिस्कवरची एक फाइल द्या. इथे शंभरदा खात्री करा. स्रोत आणि गंतव्य उलटं झालं तर डिस्क कोरी होते. दोन्ही डिस्कांचा आकार आणि कंपनी वहीत लिहून ठेवा आणि पडद्यावरच्या नावाशी जुळवा. विंडोजमध्ये १ टीबीची डिस्क ९३१ जीबी अशी दिसते, तेव्हा गोंधळू नका.

डिस्क मध्येमध्ये वाचली जात नसेल आणि तुम्हाला लिनक्स जमत असेल, तर सिस्टमरेस्क्यू नावाच्या पेन ड्राइव्हवरून चालणाऱ्या लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू आहे. ते आधी चांगला भाग उचलतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. लिनक्स कधी पाहिलंच नसेल तर हा प्रयोग आठवणींच्या डिस्कवर करू नका.

वेळ किती? यूएसबी ३ वर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास वेग मिळाला तर १ टीबीला तीन तास. जुन्या यूएसबी २ पोर्टवर तेच नऊ-दहा तास. आणि इथे आपल्या गावाचा प्रश्न येतो. मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या वरही जातो, आणि सतत वाचन करणारी डिस्क स्वतःही तापते. तिचं तापमान क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये दिसतं. ते ५० च्या पुढे जायला लागलं की मी काम थांबवायची. हे काम रात्री जेवणं झाल्यावर लावा आणि पहाटेपर्यंत चालू द्या. डिस्क गादीवर किंवा लॅपटॉपखाली ठेवू नका, लाकडी टेबलावर उघडी ठेवा. कूलरच्या थेट झोतात ठेवण्याचा मोह होतो, पण त्या हवेत ओल असते आणि कधी पाण्याचे तुषारही. साधा टेबल फॅन लावा.

लाइट जाण्याचीही तयारी ठेवा. पोर्टेबल डिस्क लॅपटॉपवरच चालते, त्यामुळे लॅपटॉपची बॅटरी चांगली असेल तर पुरे. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली मोठी डिस्क इन्व्हर्टरवर किंवा यूपीएसवर लावा. लॅपटॉप झोपी जाण्याची सेटिंग बंद करा. माझी पहिली रात्र याच कारणाने वाया गेली.

विंडोज मध्येच विचारेल, ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ किंवा ‘स्कॅन करून दुरुस्त करायची का?’ दोन्हीला कॅन्सल. ती दुरुस्ती डिस्कच्या नोंदी नीट करते, तुमच्या हरवलेल्या फाइलींच्या खुणा मात्र त्यात पुसल्या जाऊ शकतात.

६. नावासकट मिळतं का ते आधी पाहा

डीएमडीईमध्ये आता ती इमेज फाइल उघडा. एनटीएफएस डिस्कवर डिलीट झालेल्या फाइलची नोंद, म्हणजे नाव, तारीख आणि ती डिस्कवर कुठे कुठे आहे ते, बरेचदा शाबूत असतं. त्यामुळे जुनी फोल्डरं जशीच्या तशी, नावासकट दिसू शकतात. आधी साधा शोध, त्यात नसेल तर पूर्ण स्कॅन.

माझं ‘पत्रिका जुन्या’ फोल्डर दिसलं तेव्हा मी अक्षरशः रडले. पण नाव दिसलं म्हणजे फाइल वाचली असं नाही. आतली जागा दुसऱ्याने घेतलेली असू शकते. काढून, उघडून बघेपर्यंत आनंद राखून ठेवा.

मोफत आवृत्ती एका वेळी एका फोल्डरमधल्या ४००० फाइलींपर्यंत काढून देते. एकेक फोल्डर करत गेलं की घरगुती कामाला ते पुरतं. काढलेल्या फाइली नव्या डिस्कवरच ठेवायच्या.

टेस्टडिस्कही हे करतं. ते काळ्या खिडकीत, माउसशिवाय नुसत्या कीबोर्डवर चालतं, आणि तिथे देवनागरी नावं चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसू शकतात. नुसत्या चौकोनांवरून फाइल खराब झाली असं ठरवू नका.

पेन ड्राइव्ह किंवा कार्ड फॅट३२ असेल तर मोठे, तुकड्यातुकड्यांत साठलेले व्हिडिओ अर्धवट येण्याची शक्यता जास्त. तिथे फाइलची सुरुवात कुठे आहे ते कळतं, पण पुढच्या तुकड्यांची साखळी डिलीट करताना पुसली जाते.

७. नाव नसलेला ढीग

नावासकट जे आलं नाही त्यासाठी फोटोरेक. नावात फोटो असलं तरी ते कागदपत्रं, पीडीएफ, व्हिडिओ सगळं शोधतं. ते नोंदींकडे बघतच नाही, प्रत्येक प्रकारच्या फाइलच्या सुरुवातीची खूण ओळखून फाइली उचलतं. म्हणून नावं आणि फोल्डरं जातात आणि हजारो फाइली आकड्यांच्या नावाने येऊन पडतात. काळी खिडकी नको असेल तर त्याच पॅकेटमधलं क्यूफोटोरेक घ्या, त्यात माउस चालतो.

सुरू करण्याआधी हव्या त्या प्रकारांवरच खूण ठेवा, नाहीतर ब्राउजरची चित्रं आणि कचरा मिळून ढीग दुप्पट होतो. फोटो आधी आकाराने लावा. अगदी छोटे ते सहसा थंबनेल, म्हणजे फोटोची छोटी झलक. मग कॅमेऱ्याच्या तारखेने लावा, ती फोटोच्या आतच असते. मी एका रविवारी मुलीला शेजारी बसवून निवडलं. कोणत्या वर्षीचा बैल, कोणत्या वर्षीची टोपी, हे तिला माझ्यापेक्षा जास्त आठवत होतं.

वर्डच्या नव्या फाइली आणि एक्स४ पासूनच्या कोरल फाइली आतून झिप असतात. त्यामुळे त्या कधीकधी झिप म्हणून बाहेर येतात. टाकून देऊ नका, नावातलं टिंबानंतरचं एक्स्टेन्शन (झिपच्या जागी डॉकएक्स किंवा सीडीआर) बदलून उघडून बघा.

८. उघडून तपासा

प्रत्येक फोल्डरमधल्या काही फाइली प्रत्यक्ष उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत ओढून पाहा.

मराठी काम करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. जुनी पत्रिका उघडली आणि सगळीकडे इंग्रजी अक्षरं, कंस, चिन्हं यांची खिचडी दिसली, तर फाइल बिघडली असं धरू नका. ती श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल आणि तो फॉन्ट या संगणकावर नसेल. माझ्या एका मैत्रिणीने अशा चांगल्या फाइली कचरा समजून उडवल्या. आधी फॉन्ट बसवा, मग ठरवा.

९. लॅबकडे द्यायची वेळ आली तर

डिस्क आवाज करते, ओळखली जात नाही किंवा पडली आहे, तेव्हा इथेच या. डिस्क घरी उघडायची नाही. तबकडी आणि तिच्यावर तरंगणारं डोकं यांच्यातलं अंतर धुळीच्या कणापेक्षाही कितीतरी कमी असतं, आणि आपल्या उन्हाळ्यातली धूळ तुम्हाला माहीत आहे. फ्रिजमध्ये ठेवणं, ठोकणं असले उपाय कुणी सांगितले तर ऐकू नका. पोर्टेबल डिस्क बाहेरच्या डब्यातून काढून दुसऱ्याला जोडू हेही नको. काहींत यूएसबीचा जोड सर्किटवरच असतो, काहींत डेटा त्या सर्किटच्या कुलपात असतो.

सीताबर्डीत विचारलं तर रिकव्हरी करतो म्हणणारे सापडतील. सॉफ्टवेअर चालवणारं दुकान आणि डिस्क उघडणारी लॅब या वेगळ्या गोष्टी आहेत. हे विचारा: डिस्क इथेच उघडणार की मुंबई-पुण्याला पाठवणार? तपासणीचे पैसे किती? डेटा मिळाला नाही तर किती द्यायचे? काम सुरू करण्याआधी लेखी अंदाज आणि मिळू शकणाऱ्या फाइलींची यादी दाखवणार का? माझा डेटा तुमच्याकडे किती दिवस राहणार?

सोबत न्यायचं: डिस्क तिच्या केबलसह, फोल्डरांची लिहिलेली यादी, काय घडलं त्याचं खरं वर्णन (पडली असेल तर पडली म्हणा), परत देण्यासाठी नवी डिस्क, ओळखपत्राची प्रत. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) लावलं असेल तर त्याची ४८ आकडी किल्लीही. पावतीवर डिस्कचा सीरियल नंबर लिहून घ्या. आणि वॉरंटीच्या आशेने आधी कंपनीकडे जाऊ नका. तिथे सहसा बदली डिस्क मिळते, जुनी त्यांच्याकडे जाते, डेटा मिळत नाही.

१०. मूळ डिस्क आणि इमेज लगेच पुसू नका

सगळं मिळालं असं वाटलं तरी निदान सहा महिने थांबा. काय राहिलंय ते गरज पडल्यावरच कळतं. मी मूळ डिस्कवर चिकटपट्टी लावून ‘लिहू नये’ असं लिहिलं आणि ती कपाटात ठेवली. नवं काम आता दोन डिस्कांवर जातं. दर शनिवारी कॉपी होते आणि दुसरी डिस्क मनीषनगरला भावाकडे असते. डिलीट करायचं फोल्डर आधी ‘काढायचं’ नावाच्या फोल्डरमध्ये महिनाभर पडून राहतं.

त्याच वर्षी दिवाळीनंतर एक आजी आल्या. त्यांच्या यजमानांच्या पंचाहत्तरीचं आमंत्रण मी केलं होतं, त्यातला फोटो त्यांना मोठा करून हवा होता. नावाच्या यादीत ती फाइल नव्हती. फोटोरेकच्या ढिगात तारखेने शोधली तेव्हा, नुसत्या आकड्यांच्या नावाखाली, ती सापडली.